कितव्या सेकंदाला?

चैतन्य ताम्हाणेंचा 'कोर्ट' (२०१४) ज्यांनी पाहिलाय, त्यांना त्यातला कंटाळा हमखास आठवतो. पुन्हा पुन्हा पडणाऱ्या तारखा, सरकारी वकीलबाईंचं एका सुरातलं कलमवाचन, जांभया. खटला तर हास्यास्पद आहे. लोकशाहीर नारायण कांबळे यांचं गाणं ऐकून एका सफाई कामगारानं मॅनहोलमध्ये उतरून जीव दिला, असा आरोप. म्हातारा शाहीर तुरुंगात आत-बाहेर करत राहतो आणि व्यवस्था आपल्या गतीनं चालत राहते.

या सिनेमाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, भारताकडून ऑस्करलाही तोच गेला. व्यवस्थेवरची टीका म्हणून त्याचं कौतुक झालं आणि ते रास्तच होतं. पण अलीकडे तो पुन्हा पाहताना मला त्या कोर्टाचा चक्क हेवा वाटला.

कारण कांबळेंना आपल्यावर काय आरोप आहे हे माहीत असतं. कुठलं गाणं, कुठली वस्ती, कुठलं कलम. त्यावर उलटतपासणी होते. मेलेल्या कामगाराची बायको साक्षीला येते आणि तिच्या सपाट आवाजातल्या उत्तरांतून कळत जातं की नवऱ्याकडे सुरक्षेची कसलीच साधनं नव्हती, त्याचा एक डोळा निकामी झालेला होता, दारू प्यायल्याशिवाय त्या घाणीत उतरणं त्याला जमत नव्हतं. म्हणजे सत्य त्या खोलीत मोठ्यानं बोललं जातं. ते ऐकूनही फारसं काही बदलत नाही हा अन्याय आहे, पण तो सगळ्यांना दिसतो. म्हणून तर त्यावर सिनेमा काढता आला.

आज एखाद्या शाहिराचं गाणं बंद पाडायला पोलीस लागतातच असं नाही. त्याचा व्हिडिओ काढून टाकला की काम झालं. आणि या खटल्यावर कुणाला सिनेमा काढायचा असेल तर कॅमेरा लावणार कुठे? इथे खोली नाही, समोरची बाजू नाही, साक्षीदार नाहीत. असतो तो फक्त थोडासा मजकूर: व्हिडिओ काढल्याची नोटीस, तिच्याखाली अपीलची चौकट आणि काही वेळानं किंवा काही दिवसांनी येणारं दोन ओळींचं उत्तर.

मी पोटापाण्यासाठी सॉफ्टवेअर लिहितो. सिस्टिमनं फेकलेले मेसेज वाचून 'नेमकं कुठे बिनसलं' हे शोधणं हा माझ्या रोजच्या कामाचा मोठा भाग आहे. म्हणून या लेखात समीक्षेला घेतलाय तो हाच मजकूर. त्याचा वाचकवर्ग छोटा नाही. २०२३च्या शेवटच्या तीन महिन्यांत यूट्यूबनं जगभरात सुमारे ९० लाख व्हिडिओ काढले. त्यातले २२ लाखांहून जास्त भारतातून चढवलेले होते, इतर कुठल्याही देशापेक्षा जास्त. दिवसाला सरासरी लाखभर नोटिसा झाल्या. इतकं वाचलं जाणारं गद्य जरा नीट वाचायला हवं.

नोटिशीचं व्याकरण

या नोटिशी साइटगणिक थोड्या बदलतात, पण घडण सारखीच असते. आम्ही तुमचा मजकूर तपासला. दुर्दैवानं तो आमच्या अमुक धोरणात बसत नाही. हे वाचून तुम्हाला वाईट वाटेल याची कल्पना आहे, पण ही जागा सर्वांसाठी सुरक्षित ठेवणं आमचं काम आहे. पुढे शिक्षेचा तपशील. यूट्यूबवर पहिल्यांदा ताकीद मिळते, नंतर स्ट्राइक. पहिल्या स्ट्राइकला एक आठवडा नवीन काही टाकता येत नाही, ९० दिवसांत दुसरा आला तर दोन आठवडे आणि तिसऱ्याला चॅनेलच जातं.

भाषा नम्र आहे, जवळजवळ प्रेमळ. पण यातला 'आम्ही' कोण? एखादा माणूस, एखादं मशीन-लर्निंग मॉडेल, की दोन्ही? धोरणाचं नाव दिलेलं असतं, पण एकेका धोरणाखाली डझनभर पोटनियम असतात. त्यातला कुठला मोडला? आणि सगळ्यात साधा प्रश्न: व्हिडिओ चाळीस मिनिटांचा आहे, तर नियम मोडला कितव्या सेकंदाला?

हे सांगणं तांत्रिकदृष्ट्या अवघड आहे, असा समज होऊ शकतो. तसं नाही. दुसऱ्याचं गाणं किंवा क्लिप वापरल्याचा दावा कुणी हातानं दाखल केला, तर व्हिडिओचा कुठून कुठपर्यंतचा तुकडा आपला आहे हे दावेदारानं नोंदवलंच पाहिजे, असं बंधन यूट्यूबनं जुलै २०१९मध्ये घातलं. त्याआधी लोक मोघम दावे ठोकत आणि चॅनेलवाले हैराण होत. म्हणजे जिथे मालकी आणि पैसा यांचा प्रश्न आहे, तिथे सेकंद सांगायलाच हवा हे कंपनीला पटलेलं आहे. बोलण्या-दाखवण्याच्या नियमभंगात मात्र तो कधी कळला तर कळला. हक्क म्हणून मागता येत नाही.

माझ्या कॉलेजमधला एक मित्र सांगली जिल्ह्यातल्या त्याच्या गावी सर्पमित्र म्हणून काम करतो. साप धरून सोडण्याचे व्हिडिओ सगळेच टाकतात. हा साप चावल्यावर काय करायचं याचे व्हिडिओ करतो. कापू नका, चोखू नका, दोरीनं करकचून आवळू नका, मांत्रिकाकडे वेळ घालवू नका, सापाचं इंजेक्शन सरकारी दवाखान्यात मिळतं, तिथे पळा. एका व्हिडिओत घोणस चावलेल्या शेतकऱ्याचा सुजलेला हात होता, त्याच्या परवानगीनं दाखवलेला. एका मोठ्या साइटनं तो व्हिडिओ 'धोकादायक कृती'खाली काढला.

त्यानं अपील केलं. चौकटीत मोजकीच अक्षरं मावत होती. त्यानं मराठीत लिहिलं, की हा जीव वाचवणारा व्हिडिओ आहे. अर्ध्या तासात ते फेटाळलं गेलं, त्याच मजकुरात. मग त्यानं मला फोन केला. "तू कंप्युटरवाला ना, मला एवढंच सांग, त्यांना नक्की काय खुपलं? साप खुपला, हात खुपला, की मी 'कापू नका' म्हणताना 'कापू' म्हणालो ते खुपलं? कितव्या सेकंदाला चूक झाली ते सांगा म्हणावं, मी तेवढं कापून टाकतो."

त्याला भाषणस्वातंत्र्यावर वाद घालायचा नव्हता. नियम पाळायला तो एका पायावर तयार होता. पाळायचा कुठला, एवढंच कुणी सांगत नव्हतं. शेवटी त्यानं तो हात ब्लर केला, सापाचा भाग काढला आणि व्हिडिओ पुन्हा टाकला. तो राहिला. पण आता त्यात घोणस कशी ओळखायची हे दाखवलेलं नाही.

काळं, पांढरं आणि हल्ला

जून २०२०मध्ये अंतोनिओ रादिच या क्रोएशियन बुद्धिबळपटूचं 'अगाद्मेटर' हे चॅनेल यूट्यूबवर अचानक बंद झालं. बुद्धिबळाच्या जगातलं ते सगळ्यात लोकप्रिय चॅनेलांपैकी एक. ग्रँडमास्टर हिकारू नाकामुरा यांच्याशी गप्पा चालू असताना 'घातक आणि धोकादायक' मजकूर म्हणून कारवाई झाली. चोवीस तासांच्या आत चॅनेल परत आलं. काय चुकलं होतं हे कंपनीनं सांगितलं नाही.

पुढच्या वर्षी कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या दोन संशोधकांनी एक अंदाज तपासून पाहिला. बुद्धिबळाच्या गप्पांत 'काळा', 'पांढरा', 'हल्ला', 'धोका' हे शब्द सतत येतात. द्वेषपूर्ण भाषा पकडणाऱ्या मॉडेलना ही वर्णद्वेषी भाषा वाटत असेल का? त्यांनी बुद्धिबळाच्या चॅनेलांवरच्या पावणेसात लाखांहून जास्त कमेंट्स अशा मॉडेलमधून काढल्या. मॉडेलनं बोट ठेवलेल्यांपैकी हजार कमेंट्स माणसांनी वाचल्या, तर त्यातल्या ८२ टक्क्यांत उघड द्वेष असं काही नव्हतंच.

हा किस्सा लोक हसून सांगतात. पण यात दोन गोष्टी हसण्यावारी नेण्यासारख्या नाहीत. एक, रादिचच्या बाबतीत खरंच हेच झालं होतं का, हे त्या संशोधकांनाही ठाऊक नाही. बाहेरून अंदाज बांधावा लागला, कारण आतून कारण आलंच नाही. दोन, चॅनेल परत देताना कारण दिलं नाही, म्हणजे जिंकलेल्या अपीलनंही कुणाला काही शिकवलं नाही. उद्या एखादा मराठी बुद्धिबळ शिकवणारा "काळ्यावर हल्ला करा" म्हणाला तर त्याला हाताशी धरायला कुठलाही आधीचा निकाल नाही. कोर्टात याला दाखला म्हणतात. इथे प्रत्येक खटला पहिलाच असतो.

शंभरातले तीन

कंपन्यांना विचारलं तर त्या म्हणतात, चुका होतात, म्हणून तर अपील आहे. या वाक्याची परीक्षा घ्यायची संधी २०२०मध्ये आपसूक मिळाली. कोविडमुळे मार्चमध्ये मॉडरेटर घरी बसले आणि यूट्यूबनं आपल्या मशीनला नेहमीपेक्षा जास्त मोकळीक दिली. कमी काढण्यापेक्षा जास्त काढलेलं बरं असं आम्ही जाणीवपूर्वक ठरवलं, हे त्यांनी स्वतःच नंतर जाहीर केलं. एप्रिल ते जून या तिमाहीत १ कोटी १० लाखांहून जास्त व्हिडिओ निघाले. अपीलं आली सव्वातीन लाखांच्या आसपास. त्यातले सुमारे १ लाख ६० हजार व्हिडिओ परत चढले. आधीच्या तिमाहीत चारांतलं एक अपील यशस्वी होत होतं, आता दोनांतलं एक होऊ लागलं.

या आकड्यांचं वाचन दोन प्रकारे करता येतं. पहिलं, बघा, अपील चालतं, निम्म्या लोकांना न्याय मिळाला. दुसरं वाचन करण्यासाठी साधा भागाकार पुरतो. काढलेल्या शंभर व्हिडिओंपैकी अपील झालं ते तिनांचंसुद्धा नाही. उरलेले सत्त्याण्णव निर्दोष होते असं मी म्हणत नाही. त्यात स्पॅम आणि फसवणुकीचा ढीग असतो आणि त्यांचे मालक कशाला अपील करतील? पण त्यात चुकून काढलेले किती होते, हे या आकड्यांवरून कळूच शकत नाही.

सॉफ्टवेअरच्या भाषेत सांगायचं तर, एखाद्या मॉडेलची चूक मोजायची असेल तर त्याच्या निर्णयांतून यादृच्छिक नमुना उचलावा लागतो. चिठ्ठ्या टाकून, कुणी तक्रार केली की नाही हे न बघता. ज्यांनी आरडाओरडा केला तेवढेच निर्णय तपासले, तर आपण मॉडेलची चूक मोजत नाही, लोकांची ओरडण्याची ताकद मोजतो. अपीलचा आकडा नेमका हाच आहे. ज्याच्याकडे इंग्रजी आहे, वेळ आहे, मोठा फॅनवर्ग आहे, ओळखीचा 'कंप्युटरवाला' आहे, त्याची चूक चूक म्हणून मोजली जाते. बाकीच्यांची कुठल्याच खात्यात लिहिली जात नाही.

आणि काही जण तर ओरडायला उरतच नाहीत.

ज्यांना अपील करता येत नाही

१ ऑगस्ट २०१७ रोजी यूट्यूबनं अभिमानानं जाहीर केलं, की हिंसक अतिरेकी प्रचाराचे ७५ टक्क्यांहून जास्त व्हिडिओ आता कुणी माणसानं तक्रार करण्याआधीच मशीन पकडतंय. आयसिसच्या प्रचारामुळे कंपनीवर सरकारांचा मोठा दबाव होता, त्यामुळे ही गरज खोटी नव्हती. पण त्याच सुमारास सीरियातल्या युद्धाचं चित्रण करणारी चॅनेलं एकामागून एक गायब होऊ लागली. बॉम्ब पडल्यावर धावत जाऊन ढिगाऱ्याचं मोबाइलवर शूटिंग करणारे स्थानिक पत्रकार, छोट्या वृत्तसंस्था, हवाई हल्ल्यांतले नागरी मृत्यू मोजणारी 'एअरवॉर्स'सारखी संस्था, सगळ्यांना याचा फटका बसला. मशीनच्या दृष्टीनं रक्त, बंदूक आणि अरबी मजकूर असलेला प्रचाराचा व्हिडिओ आणि त्याच गोष्टी असलेला पुराव्याचा व्हिडिओ यात फारसा फरक नव्हता.

योगायोग असा, की त्याच महिन्यात, १५ ऑगस्ट २०१७ला, हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं लिबियातला कमांडर महमूद अल-वर्फल्ली याच्याविरुद्ध अटक वॉरंट काढलं. सात घटनांमध्ये ३३ जणांना ठार केल्याचा आरोप आणि त्यामागचा मोठा आधार म्हणजे सोशल मीडियावर फिरलेले व्हिडिओ. एकीकडे न्यायालय म्हणत होतं हा पुरावा आहे, दुसरीकडे मशीन म्हणत होतं हा कचरा आहे.

बर्लिनमधून काम करणाऱ्या 'सीरियन अर्काइव्ह' या संस्थेनं अनेक चॅनेलांच्या वतीनं कंपनीशी बोलणी केली आणि बरेच व्हिडिओ परत आणले. हे 'अपील चालतं' याचं उदाहरण म्हणून सांगितलं जातं. मला ते उलट वाटतं. चॅनेलचा मालक जिवंत असेल, तुरुंगात नसेल, देश सोडून पळताना त्याचा ईमेल-पासवर्ड हरवला नसेल, तर आणि तरच त्या अपीलच्या चौकटीचा उपयोग. ज्याचं शूटिंग सगळ्यात मोलाचं, तो बहुतेक वेळा यातल्या कुठल्या ना कुठल्या अटीत अडकलेला. त्याच्यासाठी भांडायला एक संस्था उभी करावी लागली. ह्यूमन राइट्स वॉचनं २०२०मध्ये आपल्याच जुन्या अहवालांत पुरावा म्हणून दिलेल्या सोशल मीडियावरच्या लिंक तपासल्या, तेव्हा त्यांतल्या सुमारे ११ टक्के गोष्टी जागेवर नव्हत्या. या निदान कुणीतरी आधी पाहून नोंदवलेल्या होत्या. चढवता चढवताच अडवलेल्या व्हिडिओंची नोंद कोण ठेवणार?

पंजाबी व्हिडिओ

युद्ध दूरचं वाटत असेल तर घराजवळचं उदाहरण घेऊ. नोव्हेंबर २०२०मध्ये फेसबुकवर कुणीतरी 'ग्लोबल पंजाब टीव्ही'चा एक व्हिडिओ शेअर केला. एका प्राध्यापकाची सतरा मिनिटांची पंजाबी मुलाखत, रा. स्व. संघ आणि भाजप यांच्यावर टीका करणारी. पाचशेच्या आतच लोकांनी ती पाहिली होती. एका तक्रारीवरून ती 'धोकादायक व्यक्ती आणि संघटना' या नियमाखाली काढली गेली आणि शेअर करणाऱ्याच्या खात्यावर निर्बंध आले. त्यानं अपील केलं. उत्तर आलं की कोविडमुळे तपासणारे कमी आहेत.

हे प्रकरण फेसबुकच्याच ओव्हरसाइट बोर्डानं निवडलं आणि ते निवडल्यावर कंपनीला लक्षात आलं की व्हिडिओ काढणं चूक होतं. बोर्डानं विचारलं, नियमभंग करणारे नेमके शब्द कुठले होते? कंपनीला ते सांगता आलं नाही. निर्णय घेणाऱ्या मॉडरेटरनं कारण लिहून ठेवायचं अशी पद्धतच नव्हती. एप्रिल २०२१च्या निकालात बोर्डानं आणखी एका गोष्टीवर बोट ठेवलं: फेसबुकचे नियम पंजाबीत उपलब्धच नव्हते.

मला या प्रकरणात कुठल्या पक्षावर टीका होती यापेक्षा हे महत्त्वाचं वाटतं, की नोटिशीत कारण नसतं याचं कारण ते लपवलेलं असतं असं नाही. अनेकदा ते अस्तित्वातच नसतं. कुणीतरी बटण दाबलेलं असतं, एवढंच. म्हणजे अपील ज्याच्याविरुद्ध करायचं, ती गोष्टच तयार झालेली नसते.

आपल्याकडे कायदा नाही असंही नाही. फेब्रुवारी २०२१च्या आयटी नियमांत ५० लाखांहून जास्त सदस्य असलेल्या साइट्सवर बंधन आहे, की स्वतःहून मजकूर काढला तर तो टाकणाऱ्याला आधी कळवायचं, कारणं द्यायची आणि म्हणणं मांडायची वाजवी संधी द्यायची. तक्रार अधिकाऱ्यानं ठरलेल्या मुदतीत निकाल द्यायचा. त्यावर समाधान नसेल तर जानेवारी २०२३मध्ये नेमलेल्या तीन तक्रार अपील समित्यांकडे ३० दिवसांत ऑनलाइन जाता येतं. कागदावर हे चांगलं आहे. पण 'कारणं' म्हणजे किती तपशील हे नियमात नाही, त्यामुळे धोरणाचं नाव हेच कारण म्हणून खपतं. समित्या केंद्र सरकारनं नेमलेल्या आहेत. आणि व्हिडिओ सरकारच्याच आदेशानं अडवला गेला असेल तर पारदर्शकतेचं आणखी अवघड. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ खालचे आदेश गोपनीय ठेवायचे असतात. २०२५मध्ये '४पीएम' हे हिंदी बातम्यांचं यूट्यूब चॅनेल असंच बंद झालं, राष्ट्रीय सुरक्षेचं कारण देऊन. संपादक संजय शर्मा सुप्रीम कोर्टात गेले, मग ते परत सुरू झालं. प्रत्येक चॅनेलवाल्याला सुप्रीम कोर्ट परवडत नाही.

युरोपनं याच्या थोडं पुढे पाऊल टाकलंय. फेब्रुवारी २०२४पासून पूर्ण लागू झालेल्या तिथल्या डिजिटल सेवा कायद्यानुसार काढण्यामागचे तथ्य आणि नियम सांगावे लागतात, निर्णयात मशीनचा वापर झाला का हे सांगावं लागतं, तक्रारीसाठी सहा महिने मिळतात आणि त्या तक्रारीचा निकाल फक्त मशीननं द्यायचा नाही अशी अट आहे. म्हणजे हे करता येतं. तीच कंपनी, तेच सर्व्हर, फक्त वाचणारा पॅरिसमध्ये बसलेला असला की नोटिशीत जास्त ओळी येतात.

मॉडरेटरची बाजू

या सगळ्याला एक प्रामाणिक उत्तर आहे आणि ते टाळून चालणार नाही. मार्च २०१९मध्ये क्राइस्टचर्चच्या मशिदींवर हल्ला झाला, तेव्हा हल्लेखोरानं तो फेसबुकवर लाइव्ह दाखवला. पहिल्या चोवीस तासांत कंपनीला त्याच्या १५ लाख प्रती काढाव्या लागल्या. अशा वेळी प्रत्येक प्रतीसाठी सकारण निकालपत्र लिहीत बसा असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. शिवाय फार नेमकं कारण सांगितलं तर फसवणारे लोक तेवढंच चुकवून परत येतात, हाही मुद्दा खरा आहे.

हान्स ब्लॉक आणि मॉरिट्झ रिझेविक यांचा 'द क्लीनर्स' (२०१८) हा माहितीपट या पडद्यामागच्या माणसांबद्दल आहे. मनिलातली तरुण मुलं काळोख्या ऑफिसात बसून दिवसभर जगातली सगळ्यात भयंकर चित्रं बघतायत आणि प्रत्येकावर दोनच शब्द म्हणतायत: 'डिलीट' किंवा 'इग्नोर'. तो पाहिल्यावर मॉडरेटरला शिव्या घालणं अशक्य होतं. माहितीपट म्हणून तो प्रभावी आहे, पण त्याची सहानुभूती मला अर्धीच वाटते. निर्णय घेणाऱ्याच्या मनावरचा भार तो दाखवतो. निर्णय झाल्यावर ज्याचं काम गेलं, तो पुढे कुणाच्या दारात उभा राहतो, इकडे तो फारसा वळत नाही. आणि तो ज्या दोन शब्दांवर उभा आहे, त्यातच अडचण आहे. 'डिलीट' हे क्रियापद आहे, कारण नाही. त्या मुलांना तिसरं काही म्हणायची सोयच दिलेली नाही.

सोय देता येते. क्राइस्टचर्चसारख्या आणीबाणीचा नियम सर्पमित्राच्या व्हिडिओला लावायची गरज नाही. एखाद्या ट्रॅफिक पोलिसाला रोज शेकडो पावत्या फाडाव्या लागतात, म्हणून पावतीवर गुन्हा लिहायचा नाही असं आपण कधी म्हणत नाही.

तिकीट बंद, बग तसाच

माझ्या कामात एखाद्या ग्राहकानं तक्रार केली, की आम्ही तिला तिकीट म्हणतो. तिकिटावर दोन प्रकारे काम करता येतं. पहिला प्रकार, त्या एका ग्राहकाचा डेटा हातानं दुरुस्त करायचा आणि तिकीट बंद करायचं. ग्राहक खूश. दुसरा प्रकार, हे झालं कशामुळे ते शोधायचं, तसंच आणखी कुणाचं झालंय ते बघायचं, त्या सगळ्यांचं दुरुस्त करायचं आणि ते पुन्हा होऊ नये म्हणून एक टेस्ट लिहायची. पहिल्या प्रकारानं काम करणाऱ्या टीमला कुणी चांगली टीम म्हणत नाही.

व्हिडिओ साइट्सची अपीलं पहिल्या प्रकारची आहेत. रादिचचं चॅनेल परत आलं, पंजाबी व्हिडिओ परत आला, तिकीट बंद. त्याच चुकीनं काढलेले बाकीचे, ज्यांनी अपील केलं नाही, ते तसेच राहिले की त्यांनाही परत चढवलं, हे बाहेरच्या कुणालाच कळत नाही.

म्हणून अपीलच्या न्याय्यपणाची माझी कसोटी 'किती टक्के परत आले' ही नाही. माझे प्रश्न तीन आहेत. नोटिशीत पोटनियम आणि सेकंद आहे का? अपील जिंकल्यावर त्याच कारणानं काढलेले इतर व्हिडिओ कंपनी आपणहून पुन्हा तपासते का? आणि ज्यांचं अपील आलंच नाही अशा व्हिडिओंतून चिठ्ठ्या टाकून काढलेला नमुना बाहेरचं कुणी तपासतं का, भाषेनुसार वेगवेगळा? या तिन्हींना क्रांती लागत नाही. पहिल्याला डेटाबेसमध्ये दोन रकाने लागतात. दुसऱ्याला एक क्वेरी. तिसऱ्याला मात्र इच्छा लागते, कारण त्यातून निघणारा आकडा लाजिरवाणा असू शकतो. मराठीपुरता तो किती निघेल, हे मला बघायला आवडेल.

'कोर्ट'मधल्या न्यायाधीशांना कांबळेंचं गाणं कळत नाही, पण निदान त्यांना ते ऐकून घ्यावं लागतं आणि कलमाचा आकडा उच्चारावा लागतो. आपण आपलं गाणं, आपली बातमी, आपले साप आणि आपली युद्धं ज्यांच्या हवाली केली आहेत, त्यांच्यावर अजून तेवढीही सक्ती नाही. पुढच्या वेळी कुणाला अशी नोटीस आली, तर अपीलच्या चौकटीत आपण किती चांगले आहोत हे लिहिण्यात सगळी अक्षरं खर्च करू नका. कुठला नियम आणि कितवा सेकंद, हे विचारा. उत्तर बहुधा येणार नाही. मग तोच प्रश्न तक्रार अधिकाऱ्याला विचारा, त्यानंतर समितीला, आणि प्रत्येक वेळी काय उत्तर आलं ते तारखेसकट जपून ठेवा. उद्या कुणाला याच्यावर सिनेमा काढायचा असेल, तर दाखवायला काहीतरी हवं.